प्रोटीनची चरबीची शेपटी: लिपिड अँकर म्हणजे काय आणि त्यावर एवढं का अवलंबून आहे

आईची हाडं ठिसूळ झालीयेत म्हणून तिला वर्षातून एकदा सलाईनमधून झोलेड्रोनेट नावाचं औषध देतात. मागच्या खेपेला सलाईन चालू असताना ती म्हणाली, अगं हे आत जाऊन करतं काय नक्की, हाडात कॅल्शियम भरतं का? मी हो म्हणून टाकलं. घरी येऊन वाचायला घेतलं तर कळलं की मी तिला चुकीचं सांगितलंय. ते औषध हाडात काहीच भरत नाही. हाड कुरतडणाऱ्या ज्या पेशी असतात त्यांच्यातल्या काही प्रोटीनना एक चरबीची शेपटी लागते, ती शेपटी ते बनू देत नाही. बस, एवढंच.

मग त्या शेपटीच्या मागे लागले, तर ती सगळीकडे निघाली. कॅन्सरच्या बातम्यांमध्ये ज्या 'रास' प्रोटीनचं नाव सारखं येतं तिथे ती आहे, लहान मुलं अकाली म्हातारी होतात त्या प्रोजेरियात आहे, एचआयव्हीत आहे, आपल्या लाल रक्तपेशींवर आहे आणि अंधारातून उजेडात आलो की डोळ्यात जे होतं त्यातही आहे. या शेपटीला लिपिड अँकर म्हणतात. शाळेच्या पुस्तकात हे फारसं येत नाही, म्हणून इथे मला समजलं तसं पायरीपायरीने सांगते.

आधी मेंब्रेन

पेशीभोवती जे पातळ आवरण असतं ते मेंब्रेन. ते लिपिड नावाच्या रेणूंचं बनलेलं असतं, लिपिड म्हणजे ढोबळमानाने चरबीच्या जातीचे पदार्थ. या रेणूला एक डोकं आणि दोन लांब शेपट्या असतात, डोक्याला पाणी चालतं पण शेपट्यांना पाण्यात ठेवणं फार महाग पडतं. मग पाण्यात असे कोट्यवधी रेणू सोडले की ते आपोआप दोन थरांत लागतात, डोकी बाहेर पाण्याकडे आणि शेपट्या आत एकमेकींकडे.

दोन थर असतात हे १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोन डच शास्त्रज्ञांनी ओळखलं, आणि किती साध्या युक्तीने ओळखलं बघा. त्यांनी लाल रक्तपेशींमधली सगळी चरबी काढली, पाण्यावर एकाच रेणूच्या जाडीचा तवंग होईल अशी पसरवली आणि त्या तवंगाचं क्षेत्रफळ मोजलं, तर ते पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट भरलं. म्हणजे पेशीवर एक नाही, दोन थर आहेत. मला हा प्रयोग मनापासून आवडतो.

हे आवरण जेमतेम ५ नॅनोमीटर जाड असतं, माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशी दहा हजारांहून जास्त मेंब्रेन एकावर एक मावतील. आणि ते भिंतीसारखं कडक नसतं, तेलाच्या तवंगासारखं वाहतं असतं, त्यातले रेणू सतत इकडून तिकडे सरकत असतात. १९७२ मध्ये सिंगर आणि निकल्सन यांनी हे वाहत्या मेंब्रेनचं चित्र मांडलं आणि थोड्याफार दुरुस्त्यांसकट आजही आपण तेच वापरतो.

मग प्रोटीन तिथे टिकतं कसं?

पेशीतलं बहुतेक काम प्रोटीन करतात आणि त्यातलं बरंचसं काम मेंब्रेनपाशीच चालतं, कारण बाहेरचा निरोप तिथूनच आत येतो. काही प्रोटीन मेंब्रेनच्या आरपार बसलेली असतात, पडद्यातून ओवलेल्या सुईसारखी. पण बरीच प्रोटीन अशी असतात की त्यांचा सगळा पृष्ठभाग पाण्यात विरघळणारा असतो. त्यांना तसंच सोडलं तर ती पेशीच्या आतल्या पाण्यात तरंगत राहणार, मेंब्रेनपाशी थांबायला त्यांना काहीच आधार नाही.

अशा प्रोटीनला पेशी एक चरबीची साखळी जोडते. ती साखळी मेंब्रेनच्या तेलकट भागात घुसते आणि प्रोटीन तिथे लटकून राहतं. हाच लिपिड अँकर, म्हणजे चरबीचा नांगर.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी नाहीतर पुढचं सगळं उलटंपालटं होतं. ती साखळी मेंब्रेनला कुठल्या रासायनिक बंधाने जोडलेली नसते. प्रोटीन आणि साखळी यांच्यात पक्का बंध असतो, पण साखळी आणि मेंब्रेन यांच्यात काहीच बांधलेलं नसतं. पाणी तिला सामावून घेत नाही म्हणून ती तेलात जाऊन बसते, पाण्यात टाकलेल्या तेलाचे थेंब एकत्र येतात तसंच. आणि म्हणूनच हा नांगर जहाजाच्या नांगरासारखा एका जागी खिळवून ठेवत नाही, प्रोटीन मेंब्रेनवरून सरकत फिरू शकतं, फक्त सहज सुटून जात नाही.

शेपट्या किती प्रकारच्या?

मुख्य चार लक्षात ठेवल्या तरी पुरे.

पहिली मिरिस्टॉयल, १४ कार्बनची. नाव जायफळाच्या झाडावरून आलंय, मिरिस्टिका हे त्याचं शास्त्रीय नाव. ही प्रोटीनच्या अगदी सुरुवातीच्या टोकाला लागते, तिथे ग्लायसिन नावाचं अमिनो आम्ल असावं लागतं. (अमिनो आम्ल म्हणजे ज्या मण्यांची माळ म्हणजे प्रोटीन, ते मणी.) प्रोटीन अजून तयार होऊन पूर्ण बाहेरही आलेलं नसतं तेव्हाच ही शेपटी चिकटवली जाते, आणि एकदा लागली की सहसा प्रोटीन मरेपर्यंत राहते. १९८२ मध्ये ही पहिल्यांदा सापडली.

दुसरी पामिटॉयल, १६ कार्बनची, नाव पाम तेलावरून. ही सिस्टीन नावाच्या मण्याला लागते आणि हिची खासियत म्हणजे ही काढता येते, परत लावता येते. मिरिस्टॉयल म्हणजे शिवलेलं बटण असेल तर पामिटॉयल म्हणजे टिचबटण. माणसात हे टिचबटण लावणारी २३ एन्झाइम आहेत (एन्झाइम म्हणजे पेशीतलं रासायनिक काम उरकणारं प्रोटीन) आणि काढणारीही वेगळी आहेत.

तिसरी प्रेनिल घराण्यातली, हिच्या दोन बहिणी, फार्नेसिल १५ कार्बनची आणि जेरानिलजेरानिल २० कार्बनची. फार्नेसिल हे नाव ज्या झाडावरून आलं ते आपल्याकडचं देवबाभूळ. ही प्रोटीनच्या शेवटच्या टोकाजवळच्या सिस्टीनला लागते आणि पक्की लागते. हिचं वैशिष्ट्य म्हणजे ही कोलेस्टेरॉल ज्या कारखान्यात बनतं त्याच कारखान्यात बनते, हे डोक्यात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

चौथी जीपीआय. ही वेगळ्याच जातीची आहे कारण बाकीच्या तीन पेशीच्या आतल्या बाजूने लागतात आणि ही बाहेरच्या बाजूने, म्हणून तिच्याबद्दल नंतर.

एका शेपटीने भागत नाही, आणि मला वाटतं गंमत तिथेच आहे

आपल्याला वाटतं शेपटी लावली म्हणजे प्रोटीन चिकटलं, संपलं. पण मोजून बघितलं तेव्हा असं दिसलं की एकट्या मिरिस्टॉयलची पकड फारच ढिली असते. साखळीत दोन कार्बन वाढले की पकड साधारण दसपट वाढते, त्यामुळे १४ कार्बनची एकटी शेपटी प्रोटीनला मेंब्रेनवर थोडा वेळ धरते आणि सोडून देते, परत धरते, परत सोडते. १५ कार्बनच्या फार्नेसिलचंही तसंच, एकटीच्या जोरावर तिला निभावत नाही.

म्हणून पेशी जोडीला दुसरी काहीतरी सोय करते. एकतर दुसरी शेपटी, नाहीतर विजेचं आकर्षण. मेंब्रेनच्या आतल्या बाजूवर ऋण भार असतो, तर प्रोटीनवर शेपटीजवळ धन भाराचे मणी ठेवले की ते तिकडे ओढले जातात. दोन ढिल्या पकडी मिळून एक घट्ट पकड होते.

आणि आता यातलं खरं कौशल्य बघा. दोन्हीपैकी एक पकड सोडवता आली की प्रोटीन लगेच सुटतं. एकच शेपटी भक्कम असती तर प्रोटीन कायमचं अडकलं असतं, पेशीला ते हलवता आलं नसतं. मी आधी हा ढिलेपणा म्हणजे शेपटीतली उणीव समजत होते, पण पेशी तो चालू-बंद बटणासारखा वापरते. या सगळ्या विषयातली मला सगळ्यात सुंदर वाटलेली गोष्ट हीच.

जवळून बघूया: के-रासची शेपटी कशी बनते

रास प्रोटीनचं काम म्हणजे 'वाढा, विभागा' हा निरोप पेशीच्या आत पोचवणं. त्याचे तीन भाऊ आहेत, के-रास, एच-रास आणि एन-रास, आणि त्यातला के-रास कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त बदनाम आहे. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये साधारण ९० टक्के रुग्णांच्या गाठीत के-रास बिघडलेलं असतं.

के-रासचं जे रूप पेशीत मुख्यतः असतं ते १८८ मण्यांचं असतं. शेवटचे चार मणी म्हणजे सिस्टीन, व्हॅलिन, आयसोल्युसिन, मेथिओनिन. हे चार मणी म्हणजे पाकिटावरचा पत्ता. हा पत्ता वाचून एक एन्झाइम त्या सिस्टीनला फार्नेसिल शेपटी जोडतं. मग दुसरं एन्झाइम येतं आणि सिस्टीनच्या पुढचे तिन्ही मणी कापून टाकतं, पत्त्याचं काम झालं ना. मग तिसरं एन्झाइम उघड्या पडलेल्या टोकावर एक छोटासा मिथाइल गट बसवतं, त्यामुळे तिथला ऋण भार जातो आणि टोक जास्त तेलकट होतं. एवढं होऊनही फार्नेसिल एकटीच आहे, पकड ढिली. तर त्याच्या थोडं अलीकडे लायसिन नावाच्या धन भाराच्या मण्यांची रांग आहे, सलग सहा. ही रांग मेंब्रेनच्या ऋण भाराला ओढून धरते आणि के-रास तिथे बसतं.

एच-रास आणि एन-रास यांच्याकडे लायसिनची अशी रांग नाही. ते फार्नेसिलच्या जोडीला टिचबटण वापरतात, एन-रासला एक पामिटॉयल, एच-रासला दोन. आणि टिचबटण म्हटल्यावर ते निघतं. निघालं की प्रोटीन सैल होऊन पेशीभर फिरतं, फिरत फिरत गॉल्जीपाशी पोचतं (पेशीतलं पार्सल बांधून पाठवायचं ठिकाण समजा), तिथे त्याला परत पामिटॉयल लागतं, ते तिथे अडकतं आणि मग पार्सलमधून बाहेरच्या मेंब्रेनकडे रवाना होतं. काही मिनिटांत हे चक्र होतं आणि दिवसभर चालू राहतं. ही धावपळ चालू राहते म्हणूनच ही प्रोटीन पेशीतल्या सगळ्या पडद्यांवर सारखी न पसरता हव्या त्या जागी जमा होतात.

डोळ्यातलं बटण

रेटिनात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यात, रिकव्हरिन नावाचं प्रोटीन असतं. त्याला मिरिस्टॉयल शेपटी असते. अंधारात प्रकाश ओळखणाऱ्या पेशींमध्ये कॅल्शियम जास्त असतं, ते रिकव्हरिनला चिकटतं, प्रोटीनचा आकार उलगडतो आणि आत मुडपून ठेवलेली शेपटी बाहेर येऊन मेंब्रेनमध्ये घुसते. उजेड पडला की पेशीतलं कॅल्शियम घसरतं, शेपटी परत आत जाते, प्रोटीन सुटतं. सुटलं की ते ज्या एन्झाइमला अडवून बसलेलं असतं ते मोकळं होतं आणि प्रकाशाची संवेदना आवरती घेतं, डोळा उजेडाला जुळवून घेतो त्यातला हा एक धागा. अंधाऱ्या खोलीत दिवा लावल्यावर क्षणभर दिपतं आणि मग सावरतं, त्या सावरण्यात अशा कितीतरी शेपट्या आत गेलेल्या असतात.

पण मग सगळी प्रोटीन आरपारच का नाही बसवायची?

हा प्रश्न मलाही पडला होता. आरपार बसणारं प्रोटीन बनतानाच मेंब्रेनमध्ये विणलं जातं आणि ते सहसा आयुष्यभर मेंब्रेनमध्येच राहतं, बाहेर काढून पाण्यात सोडलं तर त्याचा तेलकट भाग उघडा पडून ते निकामी होईल. ज्याला एकाच जागी उभं राहायचंय त्याच्यासाठी ते ठीक आहे. पण ज्याला आत्ता इथे आणि पाच मिनिटांनी तिथे जायचंय त्याला शेपटीच परवडते.

शेपटी पाण्याला चालत नाही, मग प्रोटीन पाण्यातून जातं कसं?

योग्य शंका आहे. एक उत्तर वर आलंच, काही प्रोटीन आपली शेपटी स्वतःच्याच खोबणीत लपवतात. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी पेशीत हमाल प्रोटीन असतात, त्यांच्या अंगात तेलकट खिसा असतो. रास पाण्यातून जातं तेव्हा त्याची फार्नेसिल शेपटी अशाच एका हमालाच्या खिशात असते. हमाल नसेल तर शेपट्या वाटेत जो पडदा मिळेल त्यात घुसतील आणि पेशीतल्या पत्त्यांचा गोंधळ होईल.

विषाणूही हीच युक्ती उचलतात. एचआयव्हीचं गॅग नावाचं प्रोटीन मिरिस्टॉयल शेपटी लावून आपल्या पेशीच्या मेंब्रेनला आतून चिकटतं आणि तिथे नवीन विषाणू जुळवले जातात. ही शेपटी लावणारं एन्झाइम विषाणूकडे स्वतःचं नसतं, ते आपलंच वापरतो. शेपटी लागू दिली नाही तर नवे विषाणू नीट तयारच होत नाहीत.

बाहेरच्या बाजूची शेपटी

आता जीपीआय. हिच्यात दोन चरबीच्या साखळ्या, त्यावर साखरेच्या रेणूंची छोटी दांडी आणि दांडीच्या टोकाला प्रोटीन, असा प्रकार असतो. पेशी ही शेपटी आधीच पूर्ण तयार करून ठेवते आणि प्रोटीन तयार झालं की त्याच्या शेवटचा तुकडा कापून त्या जागी ही तयार शेपटी बसवते, एका फटक्यात. माणसात अशी १५० हून जास्त प्रोटीन आहेत. शुक्राणूला अंड्याची ओळख पटते ती अंड्यावरच्या ज्या प्रोटीनमुळे, ते जुनोसुद्धा जीपीआयनेच लटकलेलं असतं.

या शेपटीची पूर्ण रचना पहिल्यांदा १९८८ मध्ये उलगडली आणि तीही माणसात नाही, आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या ट्रिपॅनोसोम परजीवीत. हा परजीवी एकाच प्रकारच्या प्रोटीनच्या सुमारे १ कोटी प्रतींचा दाट झगा अंगावर घालतो, प्रत्येक प्रत जीपीआयने टांगलेली. आपली प्रतिकारशक्ती तो झगा ओळखायला लागली की काही परजीवी झगा बदलून मोकळे होतात.

आणि ही शेपटी नसली तर काय होतं ते पीएनएच नावाच्या आजारात उघडं दिसतं. आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रोटीनची फौज असते, जंतूंच्या अंगाला भोकं पाडणं तिचं काम. ती आपल्या पेशींनाही भोकं पाडेल, पण आपल्या पेशींवर सीडी५५ आणि सीडी५९ ही दोन पहारेकरी प्रोटीन असतात, ती तिला थोपवतात. दोन्ही जीपीआयने लटकलेली. पीएनएचमध्ये अस्थिमज्जेतल्या एखाद्या रक्त बनवणाऱ्या मूळ पेशीत पिग-ए नावाचं जनुक बिघडतं, आणि जीपीआय बनवण्याची पहिली पायरीच होत नाही. त्या पेशीपासून पुढे बनणाऱ्या लाल पेशींवर पहारेकरी येतच नाहीत. प्रोटीन बनतात हं, पण त्यांना टांगायला खुंटीच नाही. मग कॉम्प्लिमेंट त्या पेशी फोडतं, हिमोग्लोबिन लघवीतून जातं आणि सकाळची लघवी गडद रंगाची होते.

शेपटी बनवायला वीसहून जास्त जनुकं लागतात तरी या आजारात बहुतेक वेळा पिग-एच का बिघडलेलं असतं? कारण ते एक्स गुणसूत्रावर आहे. बाकीच्यांच्या दोन दोन प्रती असतात, एक बिघडली तरी दुसरी काम करते, पण एक्सची पेशीत एकच प्रत चालू असते, त्यामुळे एक घाव पुरतो. २००७ मध्ये अमेरिकेत यावर एक्युलिझुमॅब हे औषध मंजूर झालं, ते कॉम्प्लिमेंटला अडवतं. शेपटी ते परत आणत नाही, पण पेशी फुटायच्या थांबतात आणि रुग्णांसाठी तो जमीनअस्मानाचा फरक आहे.

मग रासची शेपटी तोडली की कॅन्सर बरा व्हायला हवा ना?

अगदी हाच विचार करून १९९० च्या दशकात फार्नेसिल लावणारं एन्झाइम बंद करणारी औषधं बनवली गेली. तर्क बिनतोड होता, शेपटी नाही तर रास मेंब्रेनवर नाही, मेंब्रेनवर नाही तर निरोप नाही. प्राण्यांमधले निकाल छान आले. माणसांमधल्या चाचण्यांमध्ये के-रासच्या कॅन्सरवर मात्र काही उपयोग झाला नाही.

कारण पेशीने पळवाट काढली. १५ कार्बनची शेपटी मिळेना तर के-रास आणि एन-रासला २० कार्बनची मोठी बहीण जोडली गेली, जेरानिलजेरानिल, आणि काम चालू राहिलं. एच-रासला ही पळवाट नाही, म्हणून एच-रास बिघडलेल्या थोड्या कॅन्सरमध्ये हीच औषधं उपयोगी पडू शकतात. पण सगळा भर ज्या के-रासवर होता तिथे हार झाली. मे २०२१ मध्ये के-रासवरचं पहिलं औषध सोटोरासिब अमेरिकेत मंजूर झालं, ते शेपटीला हातच लावत नाही, एका विशिष्ट बिघाडाच्या के-रासच्या अंगालाच जाऊन चिकटतं. वाचताना मला वाईट वाटलं, इतक्या लोकांची इतकी वर्षं. पण ती औषधं वाया गेली नाहीत.

प्रोजेरिया

पेशीच्या केंद्रकाला आतून आधार देणारं लॅमिन-ए नावाचं प्रोटीन असतं. बनताना त्यालाही फार्नेसिल शेपटी लागते, ती त्याला केंद्रकाच्या पडद्यापर्यंत नेते, आणि मग एक एन्झाइम शेपटीसकट शेवटचे १५ मणी कापून टाकतं. इथे शेपटी फक्त पोचण्यापुरती हवी असते, पोचल्यावर ती निघालीच पाहिजे.

प्रोजेरियाच्या मुलांमध्ये या जनुकात एका अक्षराचा बदल असतो, २००३ मध्ये तो सापडला. त्या एका अक्षरामुळे प्रोटीनमधले ५० मणी गळतात आणि नेमकी कापायची जागा त्यातच असते. कात्रीला कापायला जागाच नाही. शेपटी तशीच राहते, प्रोटीन पडद्याला चिकटून राहतं, साठत जातं, केंद्रकाचा आकार वेडावाकडा होतो. मुलांचे केस जातात, त्वचा सुरकुतते, रक्तवाहिन्या म्हाताऱ्या माणसासारख्या कडक होतात, आणि उपचार नसेल तर सरासरी चौदा-पंधराव्या वर्षी हृदयविकार किंवा पक्षाघाताने मृत्यू येतो.

आता बघा, शेपटी काढता येत नाही हा त्रास असेल तर ती लागूच द्यायची नाही. आणि ते करणारं औषध कपाटात पडूनच होतं. लोनाफार्निब, रासच्या कॅन्सरसाठी बनवलेलं. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत ते प्रोजेरियासाठी मंजूर झालं. ते आजार बरा करत नाही, पण सगळ्यात लांबच्या पाठपुराव्यात आयुष्य सरासरी अडीच वर्षांनी वाढलेलं दिसलं. चौदा वर्षांच्या आयुष्यात अडीच वर्षं म्हणजे किती, याचा हिशोब त्या आईबापांनाच माहीत.

कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, मग माझ्या शेपट्यांचं काय?

वर म्हटलं होतं की प्रेनिल शेपट्या कोलेस्टेरॉलच्याच कारखान्यात बनतात. स्टॅटिनच्या गोळ्या त्या कारखान्याची सुरुवातीचीच एक पायरी मंदावतात, म्हणजे कागदावर शेपट्यांचा मालही कमी व्हायला हवा. पण नेहमीच्या डोसला या गोळ्यांचं काम मुख्यतः यकृतात चालतं, आणि शेपटी लावणारी एन्झाइम थोडक्या मालावरही भागवून घेतात, त्यामुळे आधी फटका बसतो तो कोलेस्टेरॉलला. हा लेख वाचून कोणी गोळी बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

आणि खाण्यात फॅट कमी केलं तर शेपट्या कमी पडतील का, तर नाही. एका प्रोटीनला एक-दोन रेणू लागतात, ते शरीर स्वतः बनवतं, पामिटेट तर साखरेपासूनही बनतं.

आता आईचं औषध

झोलेड्रोनेट त्याच कारखान्यातली पुढची पायरी थांबवतं, जिथे फार्नेसिलचा कच्चा माल तयार होतो. हाड कुरतडणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. ही पेशी हाडाला चिकटून बसते, हाडाकडच्या बाजूला तिच्या मेंब्रेनला चुण्या पडतात आणि त्या चुण्यांमधून ती आम्ल सोडून हाड विरघळवते. चुण्या घडवणारी, आतला माल तिथपर्यंत आणणारी जी छोटी प्रोटीन असतात ती रासच्याच नात्यातली, आणि बहुतेकींना जेरानिलजेरानिल शेपटी लागते. माल मिळाला नाही की शेपटी नाही, चुण्या जातात, कुरतडणं थांबतं आणि पेशी पुढे मरतेही. या जातीची औषधं वापरात आधी आली आणि ती हे असं काम करतात हे १९९० च्या दशकाच्या शेवटाकडे कळलं.

हे सगळं मी आईला सांगितलं, चुण्यांचं चित्रही काढून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग शेपट्या तर सगळ्या अंगात आहेत, बाकीच्या पेशी कशा वाचतात? आणि वर्षातून एकदाच का पुरतं?

दोन्हीचं उत्तर एकच आहे. हे औषध रक्तात फार काळ राहत नाही, बरंचसं हाडातल्या कॅल्शियमला जाऊन चिकटतं आणि उरलेलं लघवीतून निघून जातं. हाडात ते महिनोन्महिने, वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं, कोणाला त्रास न देता. ऑस्टिओक्लास्ट येऊन तिथलं हाड विरघळवायला लागली की हाडाबरोबर तेही सुटतं आणि थेट तिच्याच पोटात जातं.